स्नोची कीव येते तेव्हा

चि. ईशा,

तुझं पत्र पोचलं. ‘द बॅलड ऑफ साँगबर्ड्स अँड स्नेक्स’ तू झपाटल्यासारखी वाचून काढलीस, याचा आनंद झाला. पण शेवटी तू लिहिलं आहेस, ‘मावशी, परिस्थितीनेच त्याला तसं केलं. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.’ हे वाक्य मनातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते.

कोरिओलेनस स्नोची कीव आली, यात काहीच गैर नाही. पहिल्या प्रकरणात हा अठरा वर्षांचा मुलगा कोबी उकळत उभा आहे. घराण्याचं नाव मोठं, घरात खडखडाट. चुलतबहीण टायग्रिसने बापाचा जुना शर्ट त्याच्यासाठी नीट करून दिलाय आणि बटणं म्हणून न्हाणीघरातल्या फरशीचे चौकोनी तुकडे लावलेत. ती बटणं कोणाच्या लक्षात येऊ नयेत म्हणून त्याची चाललेली धडपड वाचताना माझाही जीव तुटला. हाच मुलगा पुढे पॅनेम या देशाचा राष्ट्राध्यक्ष होणार आणि दरवर्षी मुलांना रिंगणात एकमेकांच्या जिवावर सोडणार, हे ठाऊक असूनही तुटला.

पण ईशा, त्याच घरात टायग्रिसही वाढली. बंडखोरांनी राजधानीला वेढा घातला तेव्हा तीही तशीच उपाशी राहिली. भुकेपायी एक प्रतिष्ठित माणूस मेलेल्या मोलकरणीचा पाय कापून नेताना या दोघांनीही पाहिलं. तरी टायग्रिसला रिंगणातल्या मुलांची दया येते आणि याला आधी स्नो घराण्याच्या अब्रूची काळजी. मग परिस्थिती एकट्या त्याच्याच वाट्याला आली होती का? त्याचा वर्गमित्र सेजेनस प्लिंथ तर श्रीमंतीत लोळत होता, पण रिंगणात उतरवण्याआधी प्राणिसंग्रहालयाच्या पिंजऱ्यात कोंडलेल्या मुलांना गजांतून सँडविच देणारा तोच.

आता पक्ष्याचा प्रसंग पुन्हा काढ. डिस्ट्रिक्ट १२ मध्ये, जिथे दोघं शिपाई म्हणून गेले आहेत, सेजेनस मित्र म्हणून विश्वासाने बंडखोरांबरोबर पळून जाण्याचा आपला बेत सांगतो आहे. जवळच पिंजऱ्यात जॅबरजे आहेत. ऐकलेलं बोलणं जसंच्या तसं बोलून दाखवणारे हे पक्षी रिंगणातल्या खेळाची सूत्रधार डॉ. गॉल हिच्या प्रयोगशाळेत परत जायचे आहेत. स्नोच्या हातात रिमोट आहे. तो ध्वनिमुद्रणाचं बटण दाबतो आणि मित्राला बोलू देतो. रिंगणात त्याने बॉबिन या मुलाला मारलं, ते जिवावर बेतलं म्हणून, असं म्हणता येईल. इथे त्याच्या गळ्याशी कोणीही सुरी धरलेली नव्हती. सेजेनस फासावर जातो, आईला मारलेली त्याची शेवटची हाक पक्षी झाडाझाडांवरून म्हणत राहतात. आणि पुस्तक संपता संपता सेजेनसच्याच आईबापांच्या पैशावर स्नो त्यांचा वारस होऊन बसतो.

हे सगळं वाचूनही तू त्याच्या बाजूने राहिलीस, कारण लेखिकेने तुला त्याच्या डोक्याबाहेर पडूच दिलेलं नाही. आपल्याकडे ‘मृत्युंजय’ वाचून कितीतरी जण कर्णाचे झाले. पण शिवाजी सावंतांनी तिथे कुंतीला, वृषालीला, शोणाला, दुर्योधनाला आणि कृष्णालाही बोलू दिलं. इथे निवेदन तृतीयपुरुषी असलं तरी मन एकट्या स्नोचं. रिंगणात उतरवलेल्या ज्या मुलीचा स्नो मार्गदर्शक होता, त्या ल्यूसी ग्रेच्या मनात काय आहे ते आपल्याला कधीच कळत नाही. कळतं ते एवढंच, की हा तिला मनोमन ‘माझी’ म्हणतो. प्रेम म्हणून आपण ते गोड मानून घेतो. शेवटी तळ्याकाठच्या रानात तो बंदूक घेऊन तिला शोधू लागतो, तेव्हा त्या ‘माझी’चा अर्थ काय होता ते उमगतं. २०२३ च्या चित्रपटात हा आतला आवाज नाही, म्हणून मला तो पुस्तकाहून सौम्य वाटला.

तू वाचणारी मुलगी आहेस, उद्या लिहिशीलही. म्हणून सांगते, खलनायकाला समजून घेताना हात आखडू नकोस. मात्र तो जिथे जिथे स्वतःची समजूत घालतो, तिथे पेन्सिलीने खूण कर. दुसऱ्याचा जीव गेल्यावर ‘माझा नाइलाज होता’ असं तो किती सहज म्हणतो ते बघ, आणि तेव्हा आपली मान डोलली का, तेही प्रामाणिकपणे बघ. असे समजूतदार, हुशार, घराण्याचं नाव राखणारे तरुण तुला पुस्तकाबाहेरही भेटतील. त्यांच्या जागी स्वतःला ठेवून बघशील, तेव्हा ज्याचा विश्वास मोडला त्याच्याही जागी ठेवून बघ. ‘मीही तेच केलं असतं’ हे इतक्या लवकर लिहून मोकळी होऊ नकोस. त्याच्या जागी टायग्रिसही उभी राहू शकते, आणि याच मालिकेतल्या ‘मॉकिंगजे’ या कादंबरीत स्नोला मारायला निघालेल्या नायिकेला, कॅटनिसला, आपल्या दुकानात लपवणारी तीच आहे.

ते पक्ष्याचं प्रकरण एकदा सेजेनसच्या बाजूने वाच आणि मला पुन्हा पत्र लिही. तुझं मत बदललं नाही, तरी लिही.

तुझी,
मावशी