नाव वेगळं, घर नाराज

प्रश्न : मुलीचं नाव 'पागोळी' ठेवायचं ठरवलंय. सासूबाई म्हणतात, शाळेत तिला 'गोळी, गोळी' म्हणून चिडवतील. नणंदबाई तर बारशाला हे नाव कानात सांगायलाच तयार नाहीत. काय करावं?

उत्तर : चिडवण्याची धास्ती घेऊ नका. चिडवणारी पोरं समीरसारख्या साध्या नावालाही सोडत नाहीत. खरा त्रास पुढे आहे, तोही 'ळ'चा. महाराष्ट्राबाहेर बऱ्याच ठिकाणी तिची 'पागोली' होईल, आणि फोनवर, बँकेत नाव दोनदा सांगावं लागेल. एवढं चालणार असेल तर इंग्रजी स्पेलिंग आत्ताच पक्कं करा. जन्मदाखला, आधार आणि शाळा, तिन्हीकडे तेच हवं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे राज्यात आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव लागतं. ही चौकडी मोठ्यानं म्हणून बघा.

घाई मात्र नको. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण ती नावाशिवायही होते. नाव १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं. तोवर घरात त्याच नावानं हाक मारा. तान्ह्या बाळाला रोज मारलेल्या हाकेवर आजी सहसा फार काळ रुसून राहत नाही.

नणंदबाईंचा रुसवा आत्याच्या मानाचा वाटतो. पाळण्यातलं नाव त्यांना निवडू द्या. पाळण्यातलं एक आणि व्यवहारातलं दुसरं, ही आपल्याकडची जुनीच सोय आहे. 'तुमच्यापेक्षा आम्हाला जास्त कळतं' हा सूर तेवढा टाळा. भांडणं बहुधा नावापेक्षा त्यावरूनच पेटतात.