गाव सोडताना देवावर भार: काय करावे, काय टाळावे

उतारवयात कोकणातलं घर बंद करून मुंबई-पुण्याला मुलाकडे राहायला जायचं ठरतं. दिवसा सामानाची बांधाबांध चालते, रात्री मात्र डोळ्याला डोळा लागत नाही. देवावर भरवसा असला तरी भीती वाटतेच. आपल्या हातातलं आपण करायचं आणि उरलेलं त्याच्यावर सोपवायचं. या दोहोंची गल्लत होऊ नये म्हणून ही यादी.

काय करावे

१. भीती नाव घेऊन सांगावी. ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालताना 'सांभाळून घे' एवढ्यावर थांबू नये. सुनेशी पटेल का, आजारपणात कुणाला जड होईन का, हेही बोलावं. 'व्हय महाराजा' म्हणायला चार माणसं उभी असतात, त्यांचाही आधार असतो.

२. कागदावर दोन याद्या कराव्यात. एकीत आपली कामं: आधारवरचा पत्ता, बँकेचं खातं, रेशनकार्ड, औषधांची चिठ्ठी, वीजबिल. दुसरीत आपल्या हाती नसलेलं: पुढची तब्येत, नातवंडांचा लळा, नवा शेजार. पहिली यादी उरकावी, दुसरी देवापुढे ठेवावी.

३. देवांची सोय आधी लावावी. मूळ घरातले देव हलवायचे की नाही, हे भाऊबंदांना विचारून ठरवावं. न्यायचे असतील तर टाक स्वच्छ पुसून, कापडात गुंडाळून आपल्या हातातल्या पिशवीत घ्यावेत. टेम्पोतल्या खोक्यात टाकू नयेत. राहणार असतील तर दिवाबत्ती कोण करणार, हे निघण्याआधी पक्कं करावं.

४. परत येण्याचे दिवस ठरवून निघावं. शिमगा, गणपती, गावची जत्रा. राज्यात एसटीला ६५ ते ७५ वयापर्यंत अर्धं तिकीट आहे आणि ७५ नंतर प्रवास मोफत. पुढच्या फेरीची तारीख माहीत असली की निघताना पाय अडखळत नाही.

५. नव्या जागी भजन शोधावं. जवळचं देऊळ, हरिपाठाची बैठक, भजनी मंडळ. पंढरीचे नामदेव पंजाबात घुमानला जाऊन राहिले. तिथेही त्यांचा विठ्ठल सुटला नाही, आणि त्यांची पदं गुरु ग्रंथ साहिबात गेली.

काय टाळावे

१. मनासारखा मिळेपर्यंत कौल लावू नये. पाकळी डावीकडून पडली म्हणून पुन्हा लावायची, तर विचारायचं तरी कशाला? मन आधीच ठरलं असेल तर तसं देवाला सरळ सांगावं.

२. 'देव बघतोय' म्हणून डोळे मिटून सही करू नये. घर-जमीन मुलाच्या नावे करायची असेल, तर सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रात लिहून घ्यावी. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याप्रमाणे अशी अट मोडल्यास न्यायाधिकरणाकडे दाद मागून ते बक्षीसपत्र रद्द ठरवून घेता येतं. वकिलाला दाखवल्याने ना मुलावर अविश्वास होतो, ना देवावर.

३. ऐपतीबाहेरचा नवस बोलू नये. फेडायची चिंता लागली, की मूळच्या भीतीत आणखी एक भर पडते. नारळ पुरतो.

४. घाबरलेल्या माणसाला 'तुझा देवावर विश्वास नाही का?' असं विचारू नये. तो बोलायचा थांबेल आणि एकटाच कुढत बसेल. जवळ बसून त्याचं ऐकून घ्यावं.

५. अंगाऱ्यावर सगळं भागवू नये. आठवडेच्या आठवडे झोप नाही, अन्नावर वासना नाही, सारखं रडू येतं, असं झालं तर डॉक्टरकडे जावं. अंगारा लावून गेलात तरी हरकत नाही.

६. पहिल्या महिन्यावरून निकाल लावू नये. न्हाणीघरात पाय घसरला, लिफ्ट बंद पडली, सुनेशी बोलाचाली झाली, की 'देवाला हे पसंतच नव्हतं' असं मन म्हणू लागतं. कोप शोधत बसू नये. फरशीवर रबरी चटई टाकावी, सुनेला हाक मारून चहाला बसवावं आणि गावच्या घराच्या विक्रीचा विषय निदान वर्षभर तरी काढू नये.