जपानी आणि चिनी उद्योगांची घडण

एखाद्या देशाचा माल जगाच्या बाजारपेठेत खपू लागला की त्याचे श्रेय सामान्यतः स्वस्त मजुरीला किंवा नव्या यंत्रांना दिले जाते. जपान व चीन यांच्या बाबतीत हे उत्तर अपुरे आहे. तेथील उद्योगांचे परस्परांशी, बँकांशी आणि शासनाशी कोणते नाते आहे, हे पाहिल्याखेरीज त्यांच्या स्पर्धाशक्तीचा उलगडा होत नाही.

जपान : समूहाचे बळ

दुसऱ्या महायुद्धापूर्वी जपानमध्ये मित्सुई, मित्सुबिशी, सुमितोमो व यासुदा या ‘झायबात्सू’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घराण्यांच्या उद्योगसमूहांचे वर्चस्व होते. १९४५ नंतर दोस्तराष्ट्रांच्या प्रशासनाने घराण्यांची ही मालकी मोडून काढली. तथापि १९५० च्या दशकात त्यांपैकी अनेक कंपन्या मोठ्या बँकांभोवती पुन्हा एकत्र आल्या. या रचनेस ‘केइरेत्सू’ म्हणतात. समूहातील कंपन्या एकमेकींचे थोडेथोडे भाग बाळगीत. त्यामुळे बाहेरच्या धनिकास कंपनी ताब्यात घेणे दुष्कर होई आणि व्यवस्थापकांना तात्कालिक नफ्यापेक्षा दूरच्या बाजारपेठेचा विचार करता येई.

टोयोटा कंपनी व तिला सुटे भाग पुरविणारे कारखाने यांचे नातेही असेच दीर्घकाळचे आहे. हवा तो भाग, हवा तेव्हा आणि हवा तेवढाच, ही तेथील पद्धत. १ फेब्रुवारी १९९७ रोजी करिया येथील आइसिन कंपनीच्या कारखान्यास आग लागली. ब्रेकला लागणारा एक छोटा भाग जवळजवळ पूर्णपणे तेथेच बनत असे. साठा अत्यल्प असल्याने टोयोटाचे जपानमधील बहुतेक कारखाने थांबले. त्या वेळी इतर पुरवठादारांनी मोबदल्याची घासाघीस न करता तो भाग बनविण्यास घेतला. शिवणयंत्रे बनविणारी ब्रदर कंपनीही या कामात उतरली. सुमारे आठवड्याभरात उत्पादन पूर्ववत होऊ लागले.

चीन : गावातून बाजारपेठेकडे

चीनमध्ये आर्थिक सुधारणांचा प्रारंभ डिसेंबर १९७८ मध्ये झाला. पूर्वीच्या कम्यूनच्या लहान कारखान्यांना १९८४ मध्ये गाव व गटपातळीवरील उद्योग असे नवे रूप मिळाले. मालकी गावाची आणि देखरेख स्थानिक शासनाची. नफ्याचा काही भाग शाळा व रस्ते यांवर खर्च होई. उत्पन्न वाढविण्यासाठी गावागावांत चढाओढ लागली. १९७८ मध्ये या उद्योगांत सुमारे २ कोटी ८० लाख लोक काम करीत होते. १९९६ मध्ये ही संख्या सुमारे साडेतेरा कोटींवर गेली.

ग्वांगडोंग प्रांतातील बेइजियाओ येथे १९६८ मध्ये ह शियांगजियान यांनी २३ रहिवाशांसह ५,००० युआन जमवून बाटल्यांची प्लास्टिकची झाकणे बनविण्यास आरंभ केला. १९८० मध्ये त्यांनी विजेचे पंखे बनविले. हीच पुढे मिडिया कंपनी झाली आणि १९९३ मध्ये तिचे भाग शेनचेन शेअर बाजारात आले. जपानमध्ये १९५५ साली विजेवर आपोआप भात शिजविणारे भांडे विक्रीस आणणारी तोशिबा ही मित्सुई समूहाशी निगडित कंपनी. २०१६ मध्ये तिचा घरगुती उपकरणांचा व्यवसाय याच मिडियाने विकत घेतला.

दुसरी बाजू

या यशाची किंमत कोणी मोजली, हेही पाहिले पाहिजे. जपानमध्ये आजन्म नोकरीची हमी प्रामुख्याने मोठ्या कंपन्यांतील कायम पुरुष कर्मचाऱ्यांना लाभली. मंदीचा भार लहान पुरवठादारांवर व हंगामी कामगारांवर पडला. १९९० नंतर परस्परांतील भागधारणाही सैल झाली. चीनमध्ये १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात गावांच्या मालकीचे बहुसंख्य कारखाने व्यवस्थापकांच्या किंवा अन्य खाजगी मालकांच्या हाती गेले, काही बंद पडले. नद्यांचे प्रदूषण मात्र गावाच्या वाट्यास आले. शहरात कामास गेलेल्या ग्रामीण मजुरास नोंदणी गावाकडची असल्याने तेथील शाळा व आरोग्यसेवेचा पूर्ण हक्क मिळेना.

निष्कर्ष

चीनच्या हायर कंपनीचा कारखाना आज पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे आहे. अशा उद्योगांशी आपला संबंध केवळ ग्राहकाचा उरलेला नाही. मोठ्या उद्योगाची ताकद त्याच्या भोवतालच्या लहान कारखान्यांच्या कौशल्यात आणि परस्परविश्वासात असते, हा जपानचा धडा. गावाने उभे केलेले धन गावाच्या हाती राहावे यासाठी मालकीचे नियम आणि हिशेब प्रथमपासून स्पष्ट असावे लागतात, हा चीनचा धडा. स्थानिक संस्थांच्या दृष्टीने हा दुसरा धडा अधिक मोलाचा होय.