छायाचित्र वेशीबाहेर पाठविताना

शाळेच्या स्नेहसंमेलनाचे किंवा वृक्षारोपणाचे छायाचित्र पूर्वी फार तर कार्यालयाच्या भिंतीवर लागे, अथवा वार्षिक अंकात छापले जाई. अंकाच्या जितक्या प्रती निघत, तितक्याच घरांत ते पोहोचे. आज तेच छायाचित्र शाळेच्या संकेतस्थळावर चढविले की काही क्षणांत आखाती देशात नोकरीस असलेल्या वडिलांच्या आणि मुंबईस राहणाऱ्या मावशीच्या हाती पडते. ही सोय मोठी आहे, यात संशय नाही. परंतु जी वस्तू इतक्या वेगाने बाहेर जाते ती परत बोलाविता येत नाही, हेही तितकेच खरे. म्हणून हे काम कसे चालते, त्यासाठी कोणती तजवीज करावी लागते आणि कोणत्या गोष्टी आधी पाहाव्या लागतात, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात क्रमाने करणार आहोत. विद्यार्थिमित्रांनी तो वाचावाच. पालकांनीही वाचावा अशी आमची विनंती आहे, कारण यातील काही निर्णय सर्वस्वी त्यांच्या हातचे आहेत.

१. प्लगइन म्हणजे काय?

उदाहरणादाखल आपण वर्डप्रेस ही प्रणाली घेऊ. मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनी तिची पहिली आवृत्ती २७ मे २००३ रोजी प्रसिद्ध केली. ती विनामूल्य असून तिची संहिता कोणासही वाचता व बदलता येते. मजकूर लिहिणे, चित्रे ठेवणे, पाने मांडणे ही तिची मूळ कामे. याहून निराळे काम हवे असल्यास तिला एक लहानशी पुरवणी जोडावी लागते. या पुरवणीस प्लगइन म्हणतात. ही सोय मे २००४ मध्ये निघालेल्या १.२ या आवृत्तीपासून उपलब्ध झाली.

स्वयंपाकघरातील विळी सर्वांच्या परिचयाची आहे. आमच्या कोंकणी घरांतून तिला आदोळी म्हणतात. तिच्या पात्याने भाजी चिरावी, आणि पात्याच्या टोकाशी बसविलेल्या दातेरी खवणीवर नारळ खवावा. खवणी बसविल्याने विळीचे विळीपण जात नाही. एक काम मात्र वाढते. प्लगइनचेही तसेच आहे.

ही पुरवणी मूळ प्रणालीस जोडली जाते कशी? वर्डप्रेसच्या संहितेत ठिकठिकाणी जणू खुंट्या ठोकून ठेवलेल्या असतात. त्यांस हुक असे नाव आहे. 'लेख प्रसिद्ध झाला' ही अशीच एक खुंटी. प्लगइन आपले काम तिच्यावर अडकवून ठेवते. शाळेची घंटा वाजली की ज्याने त्याने आपापल्या कामास लागावे, तद्वत लेख प्रसिद्ध होताच वर्डप्रेस त्या खुंटीवर अडकविलेली सर्व कामे एकामागून एक करविते. छायाचित्र समाजमाध्यमांवर पाठविणे हे त्यांपैकीच एक.

२. पाठविण्याचे दोन मार्ग

पहिला मार्ग बटणाचा. लेखाखाली फेसबुक, व्हॉट्सॲप इत्यादींची चिन्हे दिसतात. वाचकाने चिन्ह दाबले की त्या पानाचा पत्ता संबंधित माध्यमाच्या हवाली होतो. पाठविणारा येथे वाचकच असतो. शाळेच्या खात्याचा काही संबंध येत नाही.

दुसरा मार्ग आपोआप पाठविण्याचा. येथे प्लगइन शाळेच्या वतीने शाळेच्या खात्यावर मजकूर व चित्र ठेवते. अर्थात त्याला तसा अधिकार द्यावा लागतो. हा अधिकार देताना खात्याचा परवलीचा शब्द प्लगइनला सांगावयाचा नसतो. आपण माध्यमाच्या स्वतःच्या पानावर जाऊन संमती देतो आणि ते माध्यम प्लगइनला एक टोकन देते. घराची किल्ली न देता एकाच खोलीत जाण्याची चिठ्ठी लिहून द्यावी, तसा हा प्रकार आहे. ही चिठ्ठी केव्हाही रद्द करता येते, आणि पुष्कळदा तिची मुदतही संपते. काल चालणारी यंत्रणा आज एकाएकी थांबली, तर प्रथम हे टोकन तपासावे.

माध्यमांचे नियमही ध्यानात ठेवले पाहिजेत. १ ऑगस्ट २०१८ पासून फेसबुकने बाहेरील यंत्रणांना व्यक्तीच्या खासगी खात्यावर आपोआप मजकूर ठेवण्यास मनाई केली. म्हणून शाळेच्या नावाचे स्वतंत्र 'पेज' असावे लागते. इन्स्टाग्रामवर यासाठी व्यावसायिक प्रकारचे खाते लागते.

३. बसविण्याचा क्रम

वर्डप्रेसच्या व्यवस्थापन-फलकावर 'प्लगइन्स' हा विभाग असतो. तेथे नवीन प्लगइन शोधता येते. बसविण्यापूर्वी तीन गोष्टी वाचाव्यात : ते शेवटी केव्हा सुधारले गेले, किती संकेतस्थळे ते वापरीत आहेत, आणि वर्डप्रेसच्या कोणत्या आवृत्तीपर्यंत त्याची चाचणी झाली आहे. ज्या प्लगइनकडे कर्त्याने वर्षानुवर्षे पाहिलेले नाही ते घेऊ नये. गंजलेल्या कडीचे दार जसे बिनभरवशाचे, तसे ते समजावे. नंतर संकेतस्थळाची एक प्रत सुरक्षित ठेवावी, मग प्लगइन बसवावे, कार्यान्वित करावे, खाते जोडावे आणि शेवटी एखाद्या झाडाचे किंवा इमारतीचे चित्र पाठवून पाहावे. पहिल्या चाचणीस मुलांचे छायाचित्र कदापि घेऊ नये.

४. मागच्या रांगेतील मुले कोठे गेली?

एखाद्या पानाचा पत्ता पाठविला की त्यासोबत एक चित्र आणि शीर्षक आपोआप उमटते. ते कोठून येते? फेसबुकने २०१० साली 'ओपन ग्राफ' नावाची पद्धत घालून दिली. पानाच्या संहितेत, वाचकाच्या दृष्टीस न पडणाऱ्या भागात, शीर्षक, प्रकार, चित्र आणि पत्ता अशा चार गोष्टी लिहून ठेवावयाच्या. माध्यमाचा दूत येऊन त्या वाचतो व त्यांवरून चौकट तयार करतो. हे लिहिण्याचे कामही प्लगइन करू शकते. ते नसल्यास दूत पानावरील एखादे चित्र स्वतःच्या मताने उचलतो. मग वृक्षारोपणाच्या वृत्तासोबत शाळेचे बोधचिन्ह झळकते. शिवाय दूत वाचलेली माहिती जपून ठेवतो. त्यामुळे आपण पानावरील चित्र बदलले तरी बाहेर काही काळ जुनेच दिसत राहते.

या चौकटीसाठी १२०० × ६३० पिक्सेल हे माप सुचविलेले आहे. आता थोडे गणित करू. आपल्या भ्रमणध्वनीने घेतलेले छायाचित्र ४००० पिक्सेल रुंद आणि ३००० पिक्सेल उंच आहे असे समजा. चौकटीच्या प्रमाणात ४००० रुंदीस उंची किती येईल?

४००० × ६३० ÷ १२०० = २१००

म्हणजे ३००० पैकी ९०० पिक्सेल उंचीचा भाग कापला जाणार. मधला भाग ठेवल्यास वरून ४५० व खालून ४५०. वर्गाचे समूहचित्र असेल, तर मागे बाकावर उभ्या राहिलेल्या मुलांची डोकी आणि पुढे जमिनीवर बसलेली लहान मुले यांवरच ही कात्री चालते. ज्या मुलाचे आजोबा दूरदेशी ते चित्र उघडून नातवाला शोधतील, त्यांना तो दिसणार नाही. यावर उपाय सोपा आहे. छायाचित्र घेताना वर-खाली मोकळी जागा सोडावी, किंवा चौकटीच्या मापाचे वेगळे चित्र हाताने तयार करून तेच 'प्रमुख चित्र' म्हणून नेमावे. त्याचबरोबर चित्राचे शब्दांत वर्णन लिहावे. डोळ्यांनी न दिसणाऱ्या वाचकास त्याचे यंत्र ते वर्णन वाचून दाखविते.

५. चित्रात दडलेली टिपणे

छायाचित्राच्या धारिकेत चित्राखेरीज आणखीही काही असते. १९९५ साली जपानमध्ये ठरलेल्या 'एक्झिफ' या पद्धतीनुसार कॅमेरा त्या धारिकेत दिनांक, वेळ, यंत्राचे नाव अशी टिपणे लिहितो. आणि स्थाननोंद चालू असेल तर अक्षांश-रेखांशही. भूगोलाच्या तासाला आपण शिकलो आहोत की एक अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. एका अंशाचे ३६०० सेकंद होतात. म्हणजे एक सेकंद सुमारे ३१ मीटरचा झाला. सेकंदांपर्यंतची नोंद म्हणजे गाव नव्हे, थेट घराचे अंगण! काही माध्यमे ही टिपणे गाळून टाकतात. परंतु आपल्या संकेतस्थळावर ठेवलेली मूळ प्रत कोणीही उतरवून घेऊन ती वाचू शकतो. म्हणून भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्याची स्थाननोंद आधीच बंद करावी, आणि चित्र चढविण्यापूर्वी ही टिपणे पुसून टाकावीत.

६. अधिकार कोणाचा, संमती कोणाची?

यंत्राचे काम येथे संपते आणि माणसाचे सुरू होते. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते घेणारी व्यक्ती. मोबदला देऊन छायाचित्रकाराकडून चित्र काढवून घेतले असता, निराळा करार नसल्यास, त्याची मालकी काढविणाऱ्याकडे जाते. तथापि 'हे मी घेतले' असे म्हणण्याचा कर्त्याचा हक्क त्याच्याकडेच राहतो. म्हणून छायाचित्राखाली कर्त्याचे नाव द्यावे. मग तो गावातील व्यावसायिक असो वा नववीतला विद्यार्थी.

छायाचित्रात जे दिसतात त्यांचाही विचार हवा. संसदेने २०२३ साली संमत केलेल्या अंकीय वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात १८ वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती बालक मानली आहे, आणि तिची वैयक्तिक माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती आवश्यक धरली आहे. परंतु कायदा बाजूस ठेवला तरी साधा विवेक तेच सांगतो. गणवेशावरील शाळेचे नाव, चित्राखालील मुलाचे पूर्ण नाव आणि संमेलनाचा दिनांक या तीन गोष्टी एकत्र आल्या, की अनोळखी माणसास त्या मुलाचा माग काढणे सोपे जाते. समूहचित्र द्यावे, पण नावे देऊ नयेत. बक्षिसाचे वृत्त द्यावे लागल्यास पालकांस आधी विचारावे. आणि केवळ पालकांस नव्हे, मुलासही विचारावे. नाटकात रडताना, शर्यतीत पडताना घेतलेले चित्र पाहून आपण हसतो. ज्याचे ते चित्र आहे त्याला दहा वर्षांनंतर ते हवेसे वाटेल काय?

पुष्कळांस वाटते, नको झाले तर पुसून टाकू. आपल्या पानावरचे आपण पुसू शकतो. पण दरम्यान ज्यांनी ते उतरवून घेतले, पुढे पाठविले, त्यांच्या प्रती आपल्या हाती नसतात. आपोआप पाठविणाऱ्या प्लगइनमध्ये तर 'प्रसिद्ध' हे बटण दाबणे आणि चित्र जगात जाणे यांत विचार करण्यास उसंतच उरत नाही. म्हणून आमचे मत असे की, जेथे मुलांची छायाचित्रे आहेत तेथे आपोआप पाठविण्याची सोय बंद ठेवावी. एका शिक्षकाने व एका पालकाने चित्र पाहावे आणि मगच ते हाताने पाठवावे. काम थोडे मंद होईल. पण दूरच्या आजोबांना ते चित्र एक दिवस उशिरा दिसल्याने काही बिघडत नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

(१) बटणाने पाठविणे आणि आपोआप पाठविणे यांतील फरक स्वतःच्या शब्दांत सांगा.
(२) ३२०० × २४०० पिक्सेलच्या छायाचित्रातून १२०० × ६३० या प्रमाणाची चौकट कापल्यास उंचीचा किती भाग वगळला जाईल?
(३) घरातील भ्रमणध्वनीवर कॅमेऱ्याची स्थाननोंद चालू आहे काय, ते वडीलधाऱ्यांसोबत पाहा.
(४) आपल्या वर्गाचे एक छायाचित्र निवडा. ते बाहेर पाठविण्यापूर्वी कोणाकोणास विचारावे लागेल, त्यांची यादी करा.