घर दाखवण्याआधी जमिनीवर बस

पोरी, रंगाऱ्याला नंतर बोलाव. आधी प्रत्येक खोलीत मांडी घालून खाली बस आणि दीड वर्षाच्या पोराला तिथून काय काय दिसतं, हाताला काय काय लागतं, ते बघ.

कोथरूडचा आमचा फ्लॅट विकायला काढला तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिलंच जोडपं आलं. हॉल आवडला, उजेड आवडला. तेवढ्यात त्यांचा मुलगा गॅलरीत पळाला आणि कठड्याच्या आडव्या पट्टीवर पाय देऊन वर चढला. आईनं झेप घालून त्याला उचललं. मग स्वयंपाकघर बघायलाही ती थांबली नाही. त्याच कठड्यावर आम्ही वर्षानुवर्षं गाद्या वाळत घातल्या होत्या! तेव्हा कळलं, घाबरलेलं गिऱ्हाईक भाव पाडून मागत नाही, ते परत फोनच करत नाही.

म्हणून सुरुवात गॅलरीपासून. आडव्या पट्ट्या म्हणजे मुलाला आयती शिडी. त्या काढून उभे गज लाव, दोन गजांत ४ इंचांहून कमी फट ठेव. कठडा १ मीटरपेक्षा बुटका नको, थोडा उंचच बरा. जवळचं स्टूल आणि मोठ्या कुंड्या हलव. खिडक्यांना मात्र सगळीकडे पक्कं ग्रिल ठोकू नकोस. आग लागली तर बाहेर पडायला एखाद्या ग्रिलला उघडणारं दार हवं, किल्ली मोठ्यांच्या हाताशी.

वायरमनकडून अर्थिंग तपासून घे आणि वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारी ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी बसव. आलेल्यांसमोर तिचं टेस्टचं बटण दाबून दाखव. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर काढूनच टाक. कोंडलेल्या जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, आणि आतला माणूस हाक मारण्याआधीच बेशुद्ध पडतो. इथे पैशाचा हिशेब करू नकोस.

खालच्या पाण्याच्या टाकीच्या झाकणाला कुलूप आहे ना, तेही बघून ये. सेक्रेटरींकडून स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागून घे. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी, त्याहून जुन्या इमारतीचं दर ३ वर्षांनी ऑडिट व्हावं, असं सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत आहे. शहाणे आईबाप तो विचारतातच.

जे दुरुस्त होणार नाही ते तोंडानं सांग. ओल रंगाखाली दडवू नकोस. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं ५५ वं कलम हेच सांगतं: नीट पाहूनही घेणाऱ्याच्या लक्षात येणार नाही असा मोठा दोष आपल्याला माहीत असेल, तर तो सांगायलाच हवा. त्या घरात कुणाचं तरी लेकरू रांगणार आहे गं.

कठडा बदलल्यावर दुसरं जोडपं आलं. त्या बाईनं गॅलरीचे गज हातानं हलवून पाहिले, मग कडेवरच्या मुलीला खाली सोडलं आणि ओटा बघायला आत गेली.