उपपरिसरात शिकलं तर पदवी कुणाची?

प्रश्न : माझी मुलगी कणकवलीच्या कॉलेजात बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे शिकायची तिची फार इच्छा आहे, पण मुंबईत ठेवणं आम्हाला झेपणारं नाही. म्हणून मुंबई विद्यापीठाच्या रत्नागिरी केंद्राचा विचार चालला आहे. नातेवाईक म्हणतात, ‘तिथली पदवी ती काय पदवी? मुंबईची ती मुंबईची!’ यात काही तथ्य आहे का? शिवाय कोकणासाठी वेगळं विद्यापीठ होणार, असं कितीतरी वर्षं ऐकते आहे. अशा केंद्रांची पुढे खरंच विद्यापीठं होतात का?
— एक पालक, कणकवली

उत्तर : नातेवाइकांना खुशाल सांगा, पदवी मुंबई विद्यापीठाचीच मिळते. पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठाला असतो, कॉलेजला नाही आणि रत्नागिरीसारख्या उपपरिसरालाही नाही. तुमची मुलगी आज जी बीए करते आहे, तीही मुंबई विद्यापीठाचीच आहे. त्यासाठी तिला कणकवली सोडावी लागली नाही आणि त्या पदवीबद्दल कुणी शंकाही घेतली नाही. मग रत्नागिरीबद्दलच का घ्यावी?

उलट कॉलेजपेक्षा उपपरिसर विद्यापीठाला जास्त जवळचा असतो. संलग्न कॉलेज एखादी शिक्षणसंस्था चालवते. इमारत संस्थेची, प्राध्यापक संस्थेचे. विद्यापीठ अभ्यासक्रम ठरवतं, परीक्षा घेतं, पदवी देतं. उपपरिसर मात्र विद्यापीठ स्वतः चालवतं. २०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात उपपरिसराच्या संचालकाची गणना विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांत केली आहे. पूर्वी ‘उपकेंद्र’ म्हणत, अजूनही बरेच जण तसंच म्हणतात. मुंबई विद्यापीठाचे असे उपपरिसर रत्नागिरीप्रमाणे ठाण्यात आणि कल्याणातही आहेत. कल्याणात अभियांत्रिकी शिकवतात.

‘मुंबईची ती मुंबईची’ म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा राजाबाई टॉवर असतो. पण १८ जुलै १८५७ रोजी हे विद्यापीठ स्थापन झालं, तेव्हा त्याला स्वतःची वास्तूच नव्हती. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर ते परीक्षा घेणारं आणि पदवी देणारं विद्यापीठ होतं. शिकवायचं काम मुंबईच्या एल्फिन्स्टनसारख्या कॉलेजांचं. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८६२ साली पहिल्या बीएच्या तुकडीत उत्तीर्ण झाले, तेव्हा फोर्टातल्या आजच्या इमारतींची पायाभरणीही झालेली नव्हती. त्या इमारतींचे आराखडे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी विलायतेत बसून केले. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला, त्यांच्या आईच्या नावाचा टॉवर पुरा झाला १८७८ साली. पदव्युत्तर विभाग उभारून विद्यापीठ स्वतः शिकवू लागलं, ते तर आणखी कितीतरी उशिरा. समाजशास्त्राचा विभाग १९१९चा, पॅट्रिक गेडेस यांच्या हाताखाली सुरू झालेला. कलिन्याची विद्यानगरी तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. या विद्यापीठाचं मोठेपण इमारतींच्या आधीचं आहे, आणि ते पहिल्यापासून गावोगावच्या वर्गांत विखुरलेलं आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न. होतात, केंद्रांची विद्यापीठं नक्की होतात, आणि सर्वांत जवळचं उदाहरण तुमच्या शेजारचंच आहे. १९६१ साली गोवा मुक्त झाला. पाठोपाठ तिथे जी पहिली कॉलेजं निघाली, ती मुंबई विद्यापीठाला जोडली गेली. पुढे मुंबई विद्यापीठाने पणजीत पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधनाचं केंद्र काढलं. गोव्याच्या मुलांना एमए-एमएस्सीसाठी मुंबई गाठायला लागू नये, हा त्यामागचा साधा विचार. त्याच केंद्रातून १९८५ साली गोवा विद्यापीठ उभं राहिलं.

सोलापूरचंही असंच. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं तिथे पदव्युत्तर केंद्र होतं. २००४ साली एका जिल्ह्यापुरतं स्वतंत्र सोलापूर विद्यापीठ झालं. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाच्या बेळगावातल्या केंद्राचं २०१० साली राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं. म्हैसूर विद्यापीठाच्या मंगळूरच्या केंद्राचं विद्यापीठ त्याआधीच, १९८०मध्ये झालं. गंमत अशी की हे कर्नाटक विद्यापीठसुद्धा मुळात मुंबई विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातून वेगळं झालेलं. एकेकाळी कराचीपासून धारवाडपर्यंतची कॉलेजं मुंबईच्या छत्राखाली होती. १९४७ साली सिंध सुटलं. १९४९मध्ये पुणे, गुजरात आणि कर्नाटक. माटुंग्याच्या यूडीसीटीची, म्हणजे रासायनिक तंत्रज्ञान विभागाची, वाट जरा निराळी. १९३३ साली सुरू झालेला हा मुंबई विद्यापीठाचा विभाग २००८मध्ये अभिमत विद्यापीठ झाला आणि आता त्याचाच एक परिसर जालन्यात आहे.

पणजी, सोलापूर, बेळगाव, मंगळूर या चारही ठिकाणी एक गोष्ट सारखी दिसते आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. पाटी बदलण्याआधी तिथे विभाग होते, शिकवणारी माणसं होती, ग्रंथालय होतं. विद्यापीठ मागून आलं. नुसत्या घोषणेने विद्यापीठ काढलं, तर त्याच्या गळ्यात पहिल्याच दिवशी साऱ्या कॉलेजांच्या परीक्षा पडतात. वेळापत्रकं, उत्तरपत्रिका, निकाल, पुनर्मूल्यांकन यातून मान वर काढायला सवड मिळत नाही आणि शिकवणं-संशोधन मागे पडतं. कोकणाचं वेगळं विद्यापीठ मलाही हवं आहे. दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२पासून आहे आणि लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठही आहे, पण कला, वाणिज्य, विज्ञानाच्या मुलांना त्यांचा उपयोग नाही. मात्र वेगळ्या विद्यापीठाची वाट रत्नागिरीचा उपपरिसर भरभक्कम करण्यातूनच जाते. विभाग वाढवा, जागा भरा, वसतिगृहं बांधा, मग स्वतंत्र कायदा करा. हे न करता फक्त मागणी रेटली, तर हाती एक नवं परीक्षा कार्यालय लागेल.

परीक्षेवरून आठवलं, उपपरिसरांची खरी दुखरी जागा तीच आहे. वर्ग जिल्ह्यात आले, तरी कागदपत्रांचं काम मुख्यालयातच अडकून राहतं. गुणपत्रिकेवर आईचं नाव चुकलं, एखाद्या विषयासमोर गैरहजर असा शेरा पडला किंवा परदेशी जाण्यासाठी ट्रान्सक्रिप्ट हवं झालं, की कणकवलीच्या मुलाने तुतारी एक्स्प्रेसमध्ये रात्र काढायची, सकाळी दादरला उतरायचं आणि लोकल-रिक्षा करत कलिन्याचं परीक्षा भवन गाठायचं. तिथे खिडकीवर ‘कॉलेजचं पत्र आणलंय का?’ असं विचारलं, की दिवस गेलाच. अनेक अर्ज आता ऑनलाइन करता येतात, ही फार चांगली गोष्ट झाली. तरीही गुणपत्रिकेतली दुरुस्ती जिल्ह्यातच, सही-शिक्क्यासकट करून देण्याचे अधिकार उपपरिसराच्या संचालकाला असायला हवेत. कोकणातल्या पालकांनी याचा आग्रह धरावा. वेगळ्या विद्यापीठाची वाट न पाहता हे होऊ शकतं.

आणि दर्जा? तो पदवीच्या कागदावरून कळत नाही, जाऊन पाहिल्यावर कळतो. मुलीला घेऊन एखाद्या कामाच्या दिवशी रत्नागिरीला जा. सुट्टीत किंवा प्रवेशाच्या गर्दीत नको. तिला हवा तो विषय यंदा तिथे चालू आहे ना, हे आधी विचारा, कारण प्रत्येक उपपरिसरात सगळे विषय नसतात. मग विभागात किती प्राध्यापक कायम आहेत आणि किती तासिका तत्त्वावर आहेत, हे विचारून घ्या. तासिकेवरचे शिक्षक मनापासून शिकवतात, अनेकदा कायम असलेल्यांपेक्षा जास्त मन लावून. पण पुढच्या वर्षी ते असतील की नाही, हे त्यांनाही ठाऊक नसतं. मुलीला पुढे पीएचडी करायची असेल, तर तिथे मार्गदर्शक कोण आहेत हे आत्ताच पाहा. ग्रंथालयात शिरलात, की देवघेवीची नोंद बघा. पुस्तकं नेली जात असतील, तर विभाग जागता आहे. मुलींच्या राहण्याची सोय विचारा, आणि शेवटची एसटी किती वाजता सुटते तेही.

हे सगळं जमत असेल, तर बिनदिक्कत प्रवेश घ्या. मुंबईच्या खोलीभाड्यात आणि लोकलच्या धक्क्यांत जाणारे दिवस तिला अभ्यासाला मिळतील. विभागात विद्यार्थी थोडे असले, तर प्राध्यापक तिला नावानिशी ओळखतील. आणि विषयात कायम शिक्षक एकही नसेल, तर मात्र कर्ज काढावं लागलं तरी चालेल, पण कलिना किंवा कोल्हापूरचा विचार करा. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात सगळे विभाग एकत्र आहेत आणि कणकवलीहून घाट चढून कोल्हापूर मुंबईपेक्षा पुष्कळ जवळ पडतं.