स्टेट३ मध्ये सी६ कसा?

प्रश्न : लॅपटॉपवर लिनक्सच्या ‘स्टेट३’ फोल्डरमध्ये ‘सी६’ हे नाव दिसते. ड्रायव्हर चुकतोय का? – एक वाचक, बसवनगुडी, बेंगळुरू

उत्तर : चूक नाही. ‘स्टेट३’ हा ड्रायव्हरच्या तक्त्यातला नुसता अनुक्रमांक. ‘सी६’ हे इंटेलने प्रोसेसरच्या त्या झोपेच्या अवस्थेला दिलेले नाव. खरा घोळ एसीपीआय या वीज-व्यवस्थापनाच्या मानकामुळे होतो. तिथला ‘सी२’ प्रत्यक्षात इंटेलचा सी६ असू शकतो! पूर्वी इंटेल-आयडल ड्रायव्हर ‘सी६-एसएनबी’ अशी, चिपच्या पिढीची शेपटी लावलेली नावे दाखवायचा. २०१७ साली ती शेपटी छाटली, हे फार बरे झाले. पिढी बदलली की नावावर बेतलेल्या स्क्रिप्ट कोलमडत. आयबीएमच्या पॉवर८ प्रोसेसरवर तर ‘नॅप’, ‘फास्टस्लीप’ अशी निराळीच नावे. म्हणून क्रमांकावर विसंबू नका. ‘नेम’ फाइल वाचा आणि शेजारच्या ‘लेटन्सी’ फाइलमधले मायक्रोसेकंद ताडून पाहा.